गुंडूचा डावा डोळा

६ नोव्हेंबर, गुरुवार

गुंडूच्या डाव्या डोळ्यातनं पाणी यायलंय. संगमावर आंघोळ करून, दत्ताच्या देवळात जाऊन नऊला घरी आलो तर साहेब फाटकापाशी तोंड तिरपं करून बसलेले. एरवी मला बघून गल्लीच्या तोंडापर्यंत पळत येतो. आज जागचा उठला न्हाई. डोळा अर्धा मिटलेला. पांढरं कुत्रं, त्यामुळं ओघळ लगेच दिसतोय — पार नाकापर्यंत.

नलिनीला विचारलं, ह्याला काय झालं? "काय झालं? मघाशी तर बरं होतं की," म्हणाली आणि नैवेद्याच्या गडबडीत आत गेली. गुरुवारी हिला दुसरं काही सुचत न्हाई. लग्न झाल्यापासनं बघतोय, गुरुवार म्हणजे नवराही परका!

गल्लीत पाइप टाकायला खणून ठेवलंय. धूळ गेली असंल. जाईल दोन दिवसांत.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलं न्हाई. लाल झालाय. कोपऱ्यात पिवळी चिपडं. पंजानं चोळायलाय. ओरडलं की पाच मिनिटं गप, मग परत सुरू.

८ नोव्हेंबर, शनिवार

समोरची बसव्वा — तिचं नारळ-फुलांचं दुकान आमच्या दारासमोरच — सकाळीच रस्ता ओलांडून आली. "अण्णा, नजर लागली बगा कुत्र्याला. गाईचं तूप घाला डोळ्यात." अर्ध्या तासानं परत आली, मध घाला म्हणाली. दुपारी धन्याचं पाणी. संध्याकाळपर्यंत एरंडेलावर पोचली होती. म्हटलं बसव्वा, हा डोळा हाय, ह्यात फोडणी घालायची न्हाई मला! ती हसली. गुंडूला बिस्कीट टाकून गेली.

मी आपलं पाणी उकळून गार केलं, कापसाचा बोळा भिजवून आतल्या कोपऱ्याकडनं बाहेर पुसलं. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावला न्हाई. एवढं मला कळतंय.

मान धरायला हिला बोलावलं. आली, पण धरली ती कानाला. गुंडू निसटला. "मला भ्या वाटतंय त्याच्या डोळ्याचं, तुम्हीच करा," म्हणाली. घ्या! मागच्याच्या मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं झालं तेव्हा महिनाभर दिवसातनं सहा वेळा हिनंच थेंब घातले माझ्या डोळ्यात. तेव्हा न्हाई भ्या वाटलं. नवऱ्याचा डोळा स्वस्त, कुत्र्याचा महाग!

९ नोव्हेंबर, रविवार

आज डाळीत खडा. दाढ हलली. बोललो हिला चांगलंच.

१० नोव्हेंबर, सोमवार

कपाटात माझ्या ऑपरेशनच्या वेळची एक बाटली सापडली. फोडलेलीच न्हवती, वरची तारीखही अजून पुढची. म्हटलं, माणसाच्या डोळ्याला चाललं ते कुत्र्याला कामून चालणार न्हाई? डोळा तो डोळाच. सकाळी दोन थेंब, दुपारी दोन, संध्याकाळी दोन.

संध्याकाळी लाली कमी! बसव्वाला बोलावून दाखवलं. "तुमी डाक्टरच व्हायला पायजे व्हतं अण्णा," म्हणाली. मीही जरा ताठ झालो, खोटं कशाला बोलू.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तेच थेंब. लाली न्हाई. पण डोळा उघडंना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी बोटांनी पापणी उघडून बघितली तर बुबुळावर निळसर पांढरा ढग. खाली ठेवलेल्या भाकरीला त्यानं तोंड लावलं न्हाई.

अफझलपूरला न्यायचं ठरवलं. लिंगराजच्या रिक्षाला हात केला. "कुत्रं न्हाई घेत रावसाब, सीट खराब करतंय." म्हटलं बाबा, गाणगापुरात जन्मलास, दत्ताच्या पायाशी कोण बसलंय ते बघितलंस का कधी? मग गुंडूला हात जोडून सीटवर घेतलं त्यानं, मला मागं दांडीला टेकून बसवलं. असो.

जनावरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर हाय, दानेश्वरी म्हणून. लहानशी पोरगी दिसती, पण हात काय सरावाचा! कागदाची पट्टी ओली करून डोळ्यात टेकवली, खिडकी लावली, निळा दिवा धरला. बुबुळाच्या मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढं हिरवंगार चमकलं.

"सर, ही जखम हाय. बुबुळ खरवडलंय. तुम्ही काय घातलं डोळ्यात?"

बाटली दाखवली. बाई एकदम तडकली. "अय्यय्यो सर! कोण सांगितलं तुम्हाला? ह्यात स्टेरॉइड हाय. ह्यानं लाली जाती आणि जखम खोल जाती. अजून दोन दिवस घातलं असतं तर भोक पडून डोळा फुटला असता."

वीजखात्यात चौतीस वर्षं काढली, आळंद सेक्शनचा लाइन इन्स्पेक्टर म्हणून सुटलो. हाताखालच्या पोरांना रोज सांगायचो — माहीत न्हाई त्या तारेला हात लावायचा न्हाई. आणि मीच लावला! पुऱ्या दवाखान्यात बायामाणसं म्हशी धरून उभी, त्यांच्यासमोर मान खाली घालून उभा होतो.

नवीन थेंब दिले, दिवसातनं सहा वेळा. गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं, म्हणजे पंजा पोचणार न्हाई. आठ दिवसांनी दाखवायचं. विचारलं, डोळा राहील का? "राहील. पण परत काही खुपायला नको. एकदाही नको," म्हणाली.

येताना गुंडूचं नरसाळं माझ्या मांडीवर. चांगल्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होता. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहा, नऊ, बारा, तीन, सहा, नऊ. घड्याळ लावून ठेवलंय. गुरुवार म्हणून संगमावर गेलो, पण देवळातनं लवकर आलो. नऊचे थेंब नऊ-सातला पडले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत लाल. नरसाळं घेऊन दारं-खिडक्यांना धडकतोय, त्यानंच झालं असणार. तुळशीच्या कट्ट्याला धडकला, हिच्या घागरीला धडकला. उलट हीच धडकली त्याला दोनदा. "मधी मधी बसतंय," म्हणाली. एवढं मोठं पांढरं नरसाळं दिसत न्हाई का, म्हटलं. "तुम्हाला बरं दिसतंय सगळं," म्हणून आत गेली. गालही लाल झाले होते तिचे. चेष्टा आजकाल सहन होत न्हाई हिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

विजयेंद्रचा बंगळूरहून फोन. दर रविवारी तेच रेकॉर्ड — इथं या, फ्लॅट मोठा हाय, लिफ्ट हाय, हर्षिताला आजी पाहिजे. मी सांगितलं, गुंडूच्या डोळ्याचं चाललंय. "बाबा, कुत्र्यासाठी अलार्म लावता तुम्ही?" म्हणाला. व्हय, लावतो!

मग आईशी बोलला. तिनं फोन कानाला धरून आवाज चढवला — "माझे हातपाय चालतात तोवर मी दत्ताचं गाव सोडणार न्हाई. तूच म्हणालास न्हवं, चालतात तोवर? चालतात माझे." त्यांचं तसं ठरलंय. चार वर्षांपूर्वी ह्याच ओसरीवर भांडून ठरलंय. हिचं माहेर इथलं, मी रिटायर झाल्यावर हट्टानं मला इथं आणलं. वरच्या दोन खोल्या यात्रेकरूंना देतो, दुपारी माधुकरी वाढती, त्यातच तिचा जीव. मला गाव काय, सगळं सारखंच. मला गुंडू पुरे.

तीन वर्षांपूर्वी संगमावरनं मागं मागं आला. चार वेळा दगड दाखवला, चारी वेळा बसून राहिला. माणसांशी माझं फार जमत न्हाई, हिच्याशीसुद्धा बोलणं म्हणजे मीठ-मिरचीपुरतं. गुंडूशी तासन्‌तास बोलतो. हे इथं लिहायला हरकत न्हाई.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अफझलपूर. दिव्याखाली हिरवं टिपकं तिळाएवढंच राहिलं! दानेश्वरीबाई हसली. "छान केलंत सर." चौतीस वर्षांत साहेबानं एकदाही असं म्हटलं न्हाई. येताना लिंगराजला गाडी थांबवायला लावून गुंडूला खव्याचा पेढा दिला. बाईला सांगायचं न्हाई.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

परत!!

सकाळी सहाला थेंब घालायला गेलो तर डोळा गच्च मिटलेला, पाण्याची धार. काल सकाळी स्वच्छ होता. मी स्वतः बघितलेला!

बोळ्यानं पुसलं. बोळा उजेडात धरला. करडे कण. बोटांत चोळले — खरखरीत. नाकाशी नेले.

भस्म.

संगमाजवळच्या डोंगरावरचं भस्म! इथं येणारा प्रत्येक माणूस पुडी भरून नेतो, जाता जाता दिसंल त्या कुत्र्याला कपाळावर ओढतो. दत्ताचं कुत्रं न्हवं! गुंडू तर फाटकात बसतो, पांढरा शुभ्र, शहाणा, तोंड वर करून. त्याच्यासारखं दुसरं कपाळ सापडणार कुठं त्यांना? म्हणजे मी दिवसातनं सहा वेळा थेंब घालतोय आणि ही पुण्यवान माणसं वरनं राख ओततायत!

बाईंना फोन केला. "मग काय सर, तेच. बंद करा ते." नवीन जखम असणार, थेंब परत पहिल्यापासनं.

हिला विचारलं, कोण लावतंय बघितलंस का? "दिवसभर किती लोक येतात. मी कुणाकुणाकडं बघू?" मग म्हणाली, "मीही लावती की गुरुवारी. पूजा झाली की. चिमूटभर, दोन भुवयांच्या मधी. त्यानं काही होत न्हाई." म्हटलं, मधोमध असंल तर हरकत न्हाई, तुझा देवधर्म तू कर. राग त्या लोकांचा हाय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पाटी लावली फाटकाला. मराठीत आणि कन्नडमध्ये, माझ्या हातानं —

'या कुत्र्याला भस्म, गंध, कुंकू, बुक्का काहीही लावू नये. त्याचे डोळे दुखत आहेत. लावणाऱ्यास माधुकरी मिळणार नाही.'

शेवटची ओळ हिला विचारून लिहिली न्हाई.

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडण. सांगलीकडची एक बाई, हातात पुडी, पाटीसमोर उभी राहून गुंडूला लावायला निघाली. म्हटलं, ताई, वाचता येतंय न्हवं? तर म्हणते, "महाराजांच्या श्वानाला भस्म लावायचं नाही? कसल्या गावात राहता हो तुम्ही?" म्हटलं, ह्याच गावात राहतो आणि ह्या श्वानाच्या डोळ्याला मीच रात्री नऊला थेंब घालतो, महाराज येत न्हाईत. तिच्याबरोबरचे लोक मध्ये पडले. बसव्वा दुकानातनं ओरडली, "अण्णा, साकु, साकु! पुरे करा!"

हिला फार लागलं. दुपारी माधुकरी वाढायला दारात उभी राहिली तेव्हाही तोंड उतरलेलं. ह्या गावची रीत अशी की दुपारी बाराला भक्तांनी झोळी घेऊन पाच घरी मागायचं, आणि घरच्या बाईनं कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं न्हाई. हिनं कधी पाठवलेलं न्हाई. आज एका मुलीच्या झोळीत वाढताना अर्धी आमटी पायरीवर सांडली. "आजी, इकडं, इकडं," ती मुलगी म्हणायली. रागानं हात कापायले हिचे. माझ्यावरचा राग आमटीवर!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

डोळा बरा. चिपडं न्हाईत. पाटीचा गुण.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज धोकाच घ्यायचा न्हाई म्हणून फाटकाला आतनं कुलूप. गुंडू अंगणात. वरच्या खोल्यांतले यात्रेकरू पहाटेच मागच्या दारानं गेले. संगम, देऊळ, नऊला घरी. कुलूप तसंच. गुंडू ओसरीवर. डोळा मिचकावत होता, उन्हानं असंल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाल. पाणी. बोळ्यावर भस्म.

कुलूप असताना!

दिवसभर डोकं चालवलं. लाइन ट्रिप व्हायली की आम्ही काय करायचो? एक एक सेक्शन तोडून बघायचं. जो तोडल्यावर लाइन टिकली, फॉल्ट त्यात. गल्ली तोडली — फॉल्ट तसाच. यात्रेकरू तोडले — तसाच. आणि दर वेळी शुक्रवारी सकाळीच. मागची पानं चाळली. सहा तारखेचा गुरुवार, तेरा, वीस, सत्तावीस. आणि नेहमी डावाच डोळा, उजव्याला एकदाही काही झालं न्हाई.

राहिलं घर. घरात मी आणि ही.

विचारलं. "मी कपाळालाच लावती. शपथ," म्हणाली. गुंडूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली. हिनं आजपर्यंत खोटी शपथ घेतलेली न्हाई. मग कोण? वाऱ्यानं कपाळावरचं डोळ्यात उतरत असंल, असं मनाचं समाधान केलं. पण वाऱ्याला डावा-उजवा कळतो का?

१ डिसेंबर, सोमवार

अफझलपूर. बाईनं दिवा दोनदा धरून बघितला. मग म्हणाली, "सर, तीच जागा तिसऱ्या वेळी फाटलीय. आता पातळ पडदा राहिलाय. अजून एकदा असं झालं तर मी वाचवू शकणार न्हाई. कलबुर्गीला पाठवून डोळा काढायला लागंल."

डोळा काढायला लागंल. हे वाक्य रिक्षात माझ्या कानात वाजत होतं.

घरी येऊन हिला स्पष्ट सांगितलं. चिमूटभरसुद्धा न्हाई. मधोमध न्हाई, कुठंच न्हाई. ह्या गुरुवारी दत्तजयंती हाय, तरी न्हाई. ती म्हणाली, "दत्तजयंतीला घरच्या कुत्र्याला भस्म न्हाई?" म्हटलं, न्हाई! माझा आवाज फार चढला. गुंडू खाटेखाली गेला. मग म्हणाली, "बरं."

३ डिसेंबर, बुधवार

गावात पाय ठेवायला जागा न्हाई. गाड्याच गाड्या, सोलापूर-कोल्हापूरच्या. वरच्या खोल्यांत दहा-दहा माणसं झोपलीत. गुंडूला आतल्या खोलीत ठेवलंय. थेंब सहाही वेळा, वेळच्या वेळी. डोळा शांत. त्याच्या डोक्याला हात लावून 'दत्ता, सांभाळ रे' म्हणालो. मी असं काही म्हणणारा न्हवं.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती

लगेच लिहून काढतोय.

गर्दीत चेंगरायला झालं म्हणून देवळातनं दर्शन न घेताच परतलो. मागच्या दारानं आलो. आतल्या खोलीची खिडकी अंगणात उघडती, तिथनं बघितलं.

अंगणात ही गुंडूपुढं बसलेली. नवं लुगडं, पूजा आटोपलेली. मांडीवर भस्माची डबी. त्याचं नरसाळं काढून ठेवलेलं! गुंडू शहाण्यासारखा तोंड वर करून बसलेला, जसा दर गुरुवारी बसत असणार. हिनं उजव्या हाताचा अंगठा डबीत बुडवला, "गुरुदेव दत्त" म्हटलं आणि अंगठा सरळ त्याच्या डाव्या डोळ्यात टेकवून वर ओढला. डोळ्यात! कपाळावर न्हवं. नखासकट. त्यानं नुसता डोळा मिटला. मागं सरकला न्हाई की कण्हला न्हाई. हिचा हात चाटला.

मी खिडकीतनंच ओरडलो. दचकून डबी पडली, राख सगळीकडं.

"काय केलंस? नको म्हणून सांगितलं होतं न्हवं?"

"आज जयंती हो. चिमूटभरच. कपाळालाच लावलं."

"कपाळाला? बघ! हे बघ, डोळ्यात हाय! दिसतंय का?"

तिनं त्याच्याकडं तोंड केलं. "कपाळालाच तर हाय," म्हणाली.

माझ्या डोळ्यांदेखत! पापणीवर राख चिकटलीय, डोळ्यातनं करडं पाणी गळतंय, आणि ही मला तोंडावर सांगती कपाळाला हाय म्हणून! इतक्या वर्षांत हिनं मला एवढं धडधडीत खोटं कधी सांगितलं न्हाई. एका मुक्या जनावराच्या डोळ्यापेक्षा हिला आपलं खरं ठरवायचं जास्त. मी नको ते बोललो. तुझा देव आंधळा हाय म्हणालो. तुझ्यासारखी दगडाची बाई बघितली न्हाई म्हणालो. ती रडली न्हाई. राख हातानं गोळा करत बसली, जिथं सांडली न्हवती तिथलीसुद्धा फरशी पुसत राहिली.

उकळलेल्या पाण्यानं अर्धा तास डोळा धुतला. बाईंना फोन केला. दवाखाना आज बंद, उद्या दुपारी आणा म्हणाली. धुतल्यावर डोळ्यातलं पाणी थांबलंय. काय व्हायचं ते उद्या कळंल. मी हिच्याशी बोलणार न्हाई. जेवलोही न्हाई.

५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी थेंबांची बाटली हिच्या हातात दिली. म्हटलं, जखम तू केलीस, थेंब तूच घाल, मी बघतो.

गुंडूपुढं बसली. डाव्या हातानं चाचपलं — कान, नरसाळ्याची कड, मग नाक. बाटली उलटी केली. दोन थेंब नाकावर पडले, तिसरा फरशीवर.

"पडला का हो डोळ्यात?" म्हणाली.

खाली तिच्यासमोर बसलो. तोंडापुढं बोटं धरली. ती दाराकडं बघत होती.

"सावल्या दिसतात नुसत्या. वर्ष झालं," म्हणाली. "विजूला सांगू नका. घेऊन जाईल मला इथनं."

गुंडूला लिंगराज एकटाच अफझलपूरला नेतोय. मी हिला घेऊन कलबुर्गीच्या गाडीला निघालोय, माणसांच्या डोळ्याच्या दवाखान्यात.

वर्षभर दोन्ही वेळा समोरासमोर बसून जेवलो आम्ही. मला कळलं न्हाई.